नेलकटरची खाच

"तिनेच दिलाय मला हा रोग, आणि तू तिची बाजू घेतोस? माझ्या पोटचा आहेस की तिच्या?"

आई अंगठा पुसत होती. हल्ली ती दिवसभर अंगठाच पुसत असते. डॉक्टरने सांगितलंय कोरडा ठेवा, म्हणून कमरेला एक फडकं खोचलेलं असतं आणि बोलताबोलता हात तिकडे जातो.

"मी बाजू घेत नाही," मी म्हटलं. "मी एवढंच म्हटलं की मावशीचा रिपोर्ट चांगला आलाय. तिच्या नखात काही नाही."

"रिपोर्टचं काय सांगतोस. कागदाच्या तोंडाला कोण हात लावणार."

"मग तुझ्या कागदावर बुरशी लिहिलंय ते खरं, आणि तिच्या कागदावर नाही लिहिलंय ते खोटं?"

"आवाज खाली कर. भिंतीला कान असतात."

"भिंतीला नसतात. शेजारणीला असतात."

हे आज सकाळचं. मला पटकन राग येतो, सगळ्यांना माहीत आहे. मी कामाला जातो तिथे मला फटाका म्हणतात. नववीत सरांनी कानफटात मारली, मी उलट मारली नाही, पण परत शाळेतही गेलो नाही. तोंड उघडलं की माझं सगळं उलटसुलट होतं, म्हणून आधी नीट लिहून काढतोय. आईच्या कंपनीच्या गेटावर एकदम बोलायला लागलो तर शिव्याच बाहेर येतील, आणि आज शिव्या देऊन चालणार नाही.

मावशी माझी सख्खी मावशी नाही. आईच्या कंपनीतली. आईला तिथे चिकटवलं तेच मुळी मावशीने. आई पहिल्या दिवशी घाबरून रांगेतून परत निघाली होती, तर मावशीने तिचा पदर धरून पुन्हा उभी केली, हे आईच सांगायची. आधी कौतुकाने सांगायची. आता सांगत नाही.

कंपनीत फळं कापून डब्यात भरतात. ते डबे विमानात जातात, हॉस्पिटलात जातात. त्यामुळे नखांचं फार. शिफ्टच्या आधी सगळ्या बायका रांगेत हात पुढे करून उभ्या राहतात, आम्ही शाळेत छडी खायला करायचो तसे. समोर एक मॅडम बॅटरी घेऊन. तिला बायका नखमॅडम म्हणतात. नख मांसाच्या पुढे दिसलं, बाहेर. रंग लावलेला दिसला, बाहेर. बोटाला पट्टी दिसली, बाहेर. मग बायका काय करतात, गेटाच्या अलीकडे बसून नखं मुळापर्यंत कापतात. आईचं एक छोटं नेलकटर आहे, साबणाच्या डबीत ठेवते. इतकं खोल कापते की कधीकधी कडेला रक्त येतं. त्याच बोटांवर लगेच रबरी हातमोजे, आणि मग आठ तास आत घाम आणि फळांचं पाणी. शिफ्ट संपल्यावर हातमोजे काढते तेव्हा बोटं पाण्यात भिजलेल्या बदामासारखी झालेली असतात.

तीन महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या अंगठ्याच्या कडेला पांढरा डाग आला. नखाखाली पीठ अडकल्यासारखा. मग पिवळा झाला. मग नख कडेने उचललं गेलं आणि खाली भुसा साठायला लागला. गल्लीत प्रत्येक बाई डॉक्टर. एकीने लसूण चोळायला सांगितला, एकीने व्हिनेगर, एकीने दात घासायची पेस्ट. आईने तिन्ही केलं. कातडी भाजली, नख होतं तसंच. ते जाड झालेलं नख तिने कानशीने घासून पातळ केलं, वर पावडर चोळली, आणि गेटावर तो अंगठा जरा आत दुमडून धरायला शिकली. दोन महिने निभावलं. नखमॅडमची बॅटरी रोज सारखीच पडत नाही ना.

मग एक दिवस पडली. आज त्याला पंधरा दिवस झाले.

"हे काय?" मॅडम म्हणाली.

आईने अंगठा आणखी आत दुमडला.

"कुठून आलं? लाईनवर कुणाचं आहे असं?"

रांगेत आईच्या मागे मावशी उभी होती. मावशीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख जाडजूड आहे, मधोमध उभी चीर, रंग शिंगासारखा. कितीतरी वर्षांपूर्वी त्यावर क्रेटचं झाकण पडलं होतं. सगळ्या कंपनीला माहीत आहे. जुनी मॅडम होती तिने तर गमतीत त्या नखाला कासव नाव ठेवलं होतं. पण ही मॅडम नवीन. आणि आईने मागे वळून मावशीच्या हाताकडे बघितलं. एवढंच केलं म्हणते ती. फक्त बघितलं. मग मॅडमने विचारलं, "तुम्ही एकमेकींच्या वस्तू वापरता?" तेव्हा आई म्हणाली, "तिने माझं नेलकटर मागून घेतलं होतं. तेव्हापासून त्याला खाच पडलीये. तिचं नख कसं आहे ते बघा तुम्हीच."

त्याच दिवशी दोघींना लाईनवरून काढलं. पण आईने 'सहकार्य' केलं म्हणून तिला खोक्यांच्या खोलीत टाकलं, जिथे नुसते पुठ्ठे दुमडायचे, फळाला हात लागत नाही. मावशीला सांगितलं, डॉक्टरचा कागद आणा, तोपर्यंत घरी बसा. आणि कंपनीचा नियम असा की सलग पंधरा दिवस हजेरी नाही लागली तर नाव खोडतात. परत यायचं तर नवीन म्हणून यायचं, तेही त्यांना वाटलं तर. मावशीची तिथे अकरा वर्षं झालीत. नवऱ्याच्या मागे दोन पोरी तिने त्या गेटावर हात दाखवून वाढवल्यात.

आता माझं सांगतो.

मी गाड्या धुण्याच्या सेंटरवर काम करतो. दिवसभर पाण्याचा फवारा, फेस, चिखल. मालकाने गमबूट दिलेत. चार जोड आणि आम्ही सहा जण, दोन पाळ्या. सकाळचा पोरगा काढतो तो दुपारचा घालतो, आत पाय घातला की आधीच्याचा घाम गरमागरम लागतो. ते बूट कधी वाळलेले मी बघितले नाहीत. कुणी उलटे करून ठेवत नाही, कारण उलटे केले की पुढचा माणूस आपल्या मापाचा जोड ओळखत नाही, म्हणून मालक ओरडतो. आधी बोटांच्या मध्ये खाज आली, कातडी सोलली. ढोल्या म्हणून एक जण आहे आमच्यात, तो म्हणाला, "सगळ्यांना होतं रे, पाण्यातली नोकरी आहे." मग डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं पडलं. मग जाड झालं. मग कडेने चुरा व्हायला लागला, जुन्या बिस्किटासारखा.

मी ढोल्याला सांगितलं की पायावर जॅक पडला. त्याने विश्वास ठेवला की नाही माहीत नाही. पण त्या दिवसापासून मी चप्पल घातलेली नाही. एक वर्ष. उन्हाळ्यातसुद्धा मोजे आणि बूट. घरात झोपतानासुद्धा मोजे. आई म्हणायची, "पाय गार पडतात का रे तुझे?" आणि मी म्हणायचो, "हो."

बाबा असते तर कदाचित त्यांना दाखवलं असतं. बाबांचा विषय आमच्या घरात निघत नाही.

चार महिन्यांपूर्वी मी एकटाच सरकारी दवाखान्यात गेलो. कातडीची डॉक्टर होती, चष्मा डोक्यावर आणि तोच शोधत होती. मी म्हटलं, "डोक्यावर आहे." ती हसली, म्हणून मला मोजा काढायला तेवढं अवघड गेलं नाही. तिने नखाचा तुकडा कापून डबीत घेतला.

मी म्हटलं, "दिसतंय की समोर. तपासायचं काय?"

"प्रत्येक जाड नख म्हणजे बुरशी नसते," ती म्हणाली. "मार लागून होतं, दुसऱ्या रोगाने होतं, वयाने होतं. लोक न तपासता मलम आणून वर्षभर फासत बसतात. आधी कळू दे शत्रू कोण आहे."

शत्रू बुरशीच निघाला. तिने रक्त तपासलं, लिव्हर ठीक आहे का बघायला, आणि गोळ्या दिल्या. रोज एक, तीन महिने.

"खाज थांबेल आधी," ती म्हणाली. "तेव्हा सोडू नकोस. सगळे तिथेच सोडतात. आणि नख लगेच चांगलं दिसणार नाही. बुरशी मेली तरी खराब झालेलं नख तसंच राहतं, मागून नवीन येऊन ते पुढे ढकललं जायला वर्ष लागतं, कधी दीड वर्ष. मोजे गरम पाण्यात धुवायचे. बोटांमधली जागा पुसायची. बूट दोन जोड ठेव, एक वाळू दे."

"बूट मालकाचे आहेत. सगळे तेच घालतो."

"मग मालकाला सांग."

"सांगतो ना. मग मालक मला सांगेल, उद्यापासून येऊ नकोस."

ती म्हणाली, "बरं. निदान नेलकटर तरी वेगळं ठेव. ते तुझ्या हातात आहे. घरात कुणाला देऊ नकोस, कुणाचं घेऊ नकोस."

माझ्याकडे नेलकटरच नव्हतं. कधीच नव्हतं. मला ते तिला सांगायची लाज वाटली. बाहेर पडलो तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये काचेखाली लटकत होती नेलकटरं, मी बघितली पण होती. पण दुकानात त्या वेळी आमच्या गल्लीतली एक पोरगी उभी होती, आणि माझ्या हातात गोळ्यांची चिठ्ठी होती, म्हणून मी तिथून सरळ पुढे गेलो. गोळ्या दुसऱ्या एरियातून आणल्या. नेलकटर विसरलो. म्हणजे विसरलो नाही, उद्या घेऊ म्हटलं.

त्याच आठवड्यात नख मोज्यात अडकायला लागलं. प्रत्येक पावलाला टोचायचं. आई बाजारात गेलेली. साबणाची डबी आरशाच्या फळीवर होती. मी नेलकटर काढलं, नख त्यात धरलं, जोरात दाबलं. दगड कापावा तसं. कट्ट आवाज आला आणि पात्याचा कोपरा उडाला. एवढुशी खाच, तांदळाच्या कणीएवढी. मी ते नळाखाली धरलं, शर्टाला पुसलं आणि खाच खालच्या बाजूला येईल असं डबीत परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आईने ते कंपनीत नेलं. त्याच आठवड्यात कधीतरी मावशीने तिच्याकडून ते मागून घेतलं, एकदा, गेटापाशी. आणि मग आईला खाच दिसली.

त्यानंतर मी ते आणखी तीनदा वापरलं. चारदा. खाच पडलेलीच होती ना, आता काय व्हायचं राहिलंय असं वाटायचं. गोळ्या वीस दिवस घेतल्या. खाज थांबली. उरलेल्या पट्ट्या मी पत्र्याच्या डब्यामागे सरकवल्या. सगळे तिथेच सोडतात, मी पण सगळ्यांतलाच.

आईच्या अंगठ्यावर तो पांढरा डाग आला तेव्हा मला पहिल्या दिवशी कळलं. पीठ अडकल्यासारखा दिसतो ना, माझाही तसाच होता सुरुवातीला. मी तिला तेव्हा सांगितलं असतं तर ती व्हिनेगर आणि लसणाच्या ऐवजी दवाखान्यात गेली असती. हाताच्या नखाला दीड महिना गोळ्या पुरतात म्हणे. पण मी म्हटलं, साबणाने होत असेल. मोठ्याने म्हटलं. आई म्हणाली, "हो, साबणच असेल." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. रोज तिच्या अंगठ्याकडे बघायचो आणि रोज तो थोडा जास्त पिवळा दिसायचा.

काल मी मावशीकडे गेलो. कशाला गेलो मलाच माहीत नाही. तिला वाटलं आईने पाठवलं. तिचा चेहरा इतका उजळला की मला दारातूनच पळून जावंसं वाटलं.

"ये रे फटाक्या. आई कशी आहे?"

"बरी आहे."

"गोळ्या घेते ना वेळेवर? मधेच सोडू देऊ नकोस तिला. तिची सवय आहे, बरं वाटलं की औषध खिडकीबाहेर."

मी मान डोलावली.

टेबलावर तिचा रिपोर्ट होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, जसा लोक लग्नाचा फोटो जपतात. तो घेऊन ती परवा गेटावर गेली होती. नखमॅडमने वाचला आणि परत दिला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, एका तपासणीत नाही आलं म्हणजे नाहीच असं नसतं. पुन्हा करून आणा." मावशी आपल्या कासवाकडे बघत होती. "दवाखान्यात पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. मी म्हटलं, मॅडम, हे नख तुमच्या आधीपासून इथे आहे. तर ती म्हणाली, मग तुमच्या मैत्रिणीला कुठून झालं? हवेतून आलं?"

"मग?"

"मग काय. हवेतून येतं का, मला काय माहीत. उद्या पंधरावा दिवस. दुसऱ्या पाळीची हजेरी बंद झाली की संपलं." ती हसली. "अकरा वर्षं हातांकडे बघून आत घेतलं. आता त्याच हातांकडे बघून बाहेर. चहा घेतोस?"

"तुला आईचा राग येत नाही?"

मावशीने चहाचं भांडं ठेवलं. पाठ माझ्याकडे.

"येतो की," ती म्हणाली. "तू तिचा मुलगा आहेस म्हणून तुला चहा देतेय. ती आली असती तर पाणीही दिलं नसतं."

मी चहा प्यायलो.

तर आज सकाळी मी आईला म्हटलं, मावशीचा रिपोर्ट चांगला आलाय, जाऊन सांग मॅडमला की तुझी चूक झाली. आणि तिथून ते पोटचा का तिच्या पोटचा वगैरे सुरू झालं.

"मी का सांगू?" आई म्हणाली. "मला काय माहीत कुठून आलं? तिच्याकडून नाही तर कुणाकडून?"

मी साबणाची डबी उचलून भिंतीवर आपटली. नेलकटर उडालं आणि स्टुलाखाली गेलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि पाय तर खरंच माझाच होता. मी स्टुलावर डावा पाय ठेवला आणि मोजा ओढून काढला.

"माझ्याकडून," मी म्हटलं.

एक वर्ष ते नख डॉक्टर सोडून कुणी बघितलं नव्हतं. मला वाटलं आई ओरडेल. किंवा रडेल. किंवा जवळ येऊन बघेल, आया बघतात तसं.

आईने पायाकडे बघितलंच नाही. तिने दाराकडे बघितलं. दार लावलेलं आहे ना, ते.

मी चटकन कुठली गोष्ट विसरत नाही, आणि नजर माझी वाईट आहे, नको ते दिसतं. त्या एका क्षणात मला सगळं दिसलं. दहाबारा दिवसांपासून माझे मोजे ती वेगळ्या पातेल्यात उकळत होती. मला वाटलं वास येतो म्हणून. दोरीच्या टोकाला वेगळे वाळत घालत होती. माझी पायपुसणी बदलली होती. आणि तिच्या कामाच्या पिशवीत मी परवा एक नवीन नेलकटर बघितलं होतं, कागदातून न काढलेलं, तेव्हा मला वाटलं जुन्याला खाच पडली म्हणून घेतलं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

आईने अंगठा पुसला.

"कधीपासून?"

"डबा हलवला तेव्हा गोळ्या सापडल्या. तो आतला." तिने पत्र्याच्या डब्याकडे हनुवटी केली. "मलाही त्याच दिल्यात डॉक्टरने. पट्टी सारखीच आहे. मी काय आंधळी आहे?"

"मावशीला काढल्यावर की आधी?"

"नंतर. तीन दिवसांनी." मग एकदम आवाज चढला, शेजारणीची पर्वा न करता. "नंतर कळलं मला, देवाशप्पथ नंतर कळलं. तेव्हा काय करायला पाहिजे होतं मी? जाऊन सांगायचं, मॅडम, चुकलं, माझ्याच घरातलं आहे? एकदा खोटं बोललेल्या बाईला ते खोक्यांत तरी ठेवतील?"

"मावशीला तर ठेवत नाहीयेत."

"तिला दोन पोरी आहेत कमावणाऱ्या. मला कोण आहे? तू?"

तिने हे 'तू' असं म्हटलं ना, की मी स्टुलावरून पाय खाली घेतला.

"आपला तो बाब्या," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही."

ती खाली बसली. स्टुलाखालून नेलकटर काढलं, फुंकर मारली, बोटाने खाच चाचपली. मग जरा हळू म्हणाली, "अरे, माझं नख सहा महिन्यांत नवीन येईल. डॉक्टर म्हणाली. तोपर्यंत खोके दुमडते, मग परत लाईनवर. मग मी मॅडमला सांगेन हळूच, तिला पण घ्या म्हणून. तेव्हा माझ्या शब्दाला वजन असेल. आत्ता नाही. तू गप्प बस, गोळ्या नीट घे, कुणाला कळणार नाही."

"आज पंधरावा दिवस आहे."

"मला माहीत आहे कितवा आहे."

"मी जातो गेटावर. माझा कागद आहे दवाखान्याचा, तारीख आहे त्यावर. चार महिन्यांपूर्वीची. तुझ्या डागाच्या आधीची. नेलकटर दाखवतो, पाय दाखवतो. हवेतून आलं नाही, माझ्यातून आलं."

आई उठली, कपडे बदलले, डबा भरला. मला वाटलं विचार करतेय. मी तोंड धुवायला मागे गेलो. परत आलो तर ती दारात कंपनीचे बूट घालत होती, आणि मोरीत बादली भरलेली होती. बादलीत माझे बूट. दोन्ही. साबणाच्या पाण्यात, नाडीसकट, तळाशी बुडालेले.

"घाण झाले होते," आई म्हणाली. "धुवायलाच हवे होते. वाळायला दोन दिवस लागतील."

माझ्याकडे एकच जोड आहे. गमबूट सेंटरवर. आणि घरात माझी चप्पल नाही, का नाही ते तिला माहीत आहे. गेटावर शेदीडशे बायका असतात. तिने माझं दार बंद नाही केलं, कडी नाही घातली. तिला बरोबर माहीत आहे मला कुठली कडी लागते.

"बस येईल," ती म्हणाली. जाताना दारातून म्हणाली, "पाय कोरडा ठेव." आणि गेली.

तेव्हापासून बसून हे लिहितोय. बादलीतले बूट मी बाहेर काढले होते, ते पोत्यासारखे जड झालेत, पाय घातला तर पच्च वाजतं. ओल्या बुटात पाय घालायचा नाही असं तर डॉक्टरनेच सांगितलंय.

आईच्या जुन्या रबरी चपला दाराशी आहेत. निळ्या. घालून बघितल्या. टाच बोटभर बाहेर राहते आणि पुढे अंगठा सगळ्यात आधी दिसतो. गल्लीच्या तोंडाशी ढोल्याचा भाऊ बसलेला असतो, त्याच्यासमोरून जायचंय. मग सायकलवर सगळ्या रस्त्याला तो अंगठा पॅडलवर वर-खाली. आणि मग रांग. आईसुद्धा असेल रांगेत, खोकेवाल्या शेवटी उभ्या राहतात. ती मला बघेल तेव्हा काय करेल मला माहीत नाही. मॅडमला काय वाटेल तेही माहीत नाही. कदाचित ती मावशीला घेईल आणि आईला काढेल. कदाचित दोघींना काढेल आणि मला हाकलेल. कागद बघून 'बरं' म्हणणारी बाई असती तर मावशीचा कागदच पुरला असता.

नेलकटर डाव्या खिशात. कागद उजव्या. मावशीला फोन केला होता, म्हटलं गेटावर ये, रिपोर्ट घेऊन ये. कशाला म्हणाली. मी म्हटलं, ये तर खरी. म्हणाली, "तुझ्या आईने बोलावलंय का?" मी फोन ठेवला.

हजेरी अडीचला बंद होते, सायकलने चाळीस मिनिटं लागतात आणि आता पावणेदोनला पाच कमी आहेत. मला निघायला पाहिजे.